घराला रंग देण्याआधी भिंतीची तयारी कशी करायची? मोबाईलच्या टॉर्चपासून प्रायमरपर्यंत संपूर्ण माहिती

गणपती, दसरा, दिवाळी जवळ आली की घरात रंगाचा विषय निघतो. मग मोबाईलवर शेड बघणं सुरू होतं, ॲपमध्ये हॉलचा फोटो टाकून भिंत कधी निळी तर कधी पिस्ता करून पाहिली जाते. शेवटी एक शेड ठरते, पेंटर येतो, चार-पाच दिवसांत घर चकाचक होतं. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर खिडकीखाली पोपडे निघायला लागतात. पेंटर म्हणतो रंग हलका होता, दुकानदार म्हणतो पेंटरने काम नीट केलं नाही.

बहुतेक वेळा खरं कारण तिसरंच असतं. रंगाच्या खालची भिंत तयार नव्हती. या लेखात आपण पाहणार आहोत की भिंत तयार करणं म्हणजे नक्की काय, ते कोणत्या क्रमाने करायचं, त्यात मोबाईलचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, आणि जुना रंग घासताना कोणता धोका बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

## आधी भोसरीतलं एक उदाहरण

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्यांना हे समजायला सोपं आहे, कारण आपल्या आजूबाजूला रंगकामाचे कारखानेच आहेत. भोसरी एमआयडीसीतल्या पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये 'सेव्हन टँक प्रोसेस' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. लोखंडी पार्टवर पावडर मारण्याआधी तो एकामागून एक सात टाक्यांतून जातो:

१. तेल-ग्रीस काढणे
२. पाण्याने धुणे
३. ॲसिडने गंज काढणे
४. पुन्हा धुणे
५. फॉस्फेटिंग
६. पुन्हा धुणे
७. पॅसिव्हेशन

त्यानंतर पार्ट सुकतो आणि मग कुठे पावडरची गन चालू होते. चाकणच्या कार प्लँटमधल्या पेंट शॉपमध्येही तेच. गाडीचा जो रंग आपल्याला दिसतो तो लागण्याआधी बॉडीची धुलाई, फॉस्फेटसारखा थर, विजेच्या मदतीने बसवलेला गंजरोधक थर, सीलर आणि प्रायमर एवढं सगळं झालेलं असतं.

म्हणजे कारखान्यात रंग हा सगळ्यात शेवटचा टप्पा असतो. घरात मात्र आपण शेड निवडण्यात आठवडा घालवतो आणि भिंत घासायला अर्धा दिवस देतो.

## रंग भिंतीला चिकटतो कसा?

रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात: रंग देणारी पावडर म्हणजे पिगमेंट, तिला धरून ठेवणारा चिकट भाग म्हणजे बाइंडर, आणि हे सगळं पातळ ठेवणारं पाणी किंवा थिनर. पाणी उडून गेलं की बाइंडरचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा ज्याच्यावर बसतो त्यालाच चिकटतो. खाली धूळ असेल तर तो धुळीला चिकटतो, आणि धूळ भिंतीला चिकटलेली नसते. म्हणून चार गोष्टी रंगाच्या शत्रू समजा:

- पाणी: भिंतीतली ओल बाहेर यायला बघते आणि पापुद्र्याला मागून ढकलते.
- धूळ आणि भुसभुशीत थर: जुना चुना, डिस्टेंपर, सैल प्लास्टर.
- तेलकटपणा: किचनमधली फोडणीची वाफ, दरवाजाजवळ लागलेले हात.
- गुळगुळीतपणा: जुन्या ऑइल पेंटच्या चकचकीत पृष्ठभागावर नव्या रंगाला पकड मिळत नाही.

सगळी तयारी म्हणजे या चार गोष्टींचा याच क्रमाने बंदोबस्त. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर आधी बग शोधा, मग यूआय बदला.

## पायरी १: मोबाईलने भिंतीची तपासणी

टॉर्च टेस्ट. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करा. मोबाईलचा टॉर्च भिंतीला अगदी लागून, तिरका धरा. समोरून प्रकाश टाकला तर भिंत सपाट दिसते, पण बाजूने टाकला की प्रत्येक उंचवटा, खड्डा, जुना पॅच आणि फुगलेला रंग यांची सावली पडते. जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा. पुट्टी झाल्यावर हीच टेस्ट पुन्हा करायची आहे.

फोटो. प्रत्येक खोलीचा एक अल्बम करा. आधी पूर्ण भिंतीचा फोटो, मग जवळून. भेगेचा फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरा, म्हणजे भेग किती रुंद आहे ते नंतरही कळतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिनाभराने भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर ती वाढते आहे, आणि अशी भेग पुट्टीने झाकून चालणार नाही.

ओलीचं ॲप असतं का? नाही. भिंतीतली ओल मोजेल असा सेन्सर आपल्या मोबाईलमध्ये नसतो. मोबाईलला जोडायचा थर्मल कॅमेरा मिळतो, पण तो तापमानातला फरक दाखवतो. ओली जागा थंड असल्यामुळे ती वेगळी दिसते, एवढंच. दोन टोकदार पिनांचं मॉइश्चर मीटर विजेचा अवरोध मोजतं, त्यामुळे भिंतीत क्षार असतील तर तेही चुकून जास्त ओल दाखवू शकतं.

मेटल डिटेक्टर ॲप मोबाईलच्या होकायंत्राचा सेन्सर वापरतं. ते लोखंडी सळई किंवा पाइप ओळखू शकतं, पण तांब्याची वायर किंवा पीव्हीसी पाइप त्याला कळत नाही. ॲप काही दाखवत नाही म्हणून बिनधास्त भिंत खोदू नका.

## पायरी २: ओल कुठून येते ते शोधा

ओल असताना केलेलं पुढचं सगळं काम वाया जातं. म्हणून इथे वेळ लागला तरी चालेल.

प्लॅस्टिक टेस्ट: साधारण दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा. संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी बघा, म्हणजे किमान १६ तास होतात. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब किंवा ओलसर डाग दिसला तर ओल भिंतीच्या आतून येते आहे. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतल्या हवेत दमटपणा जास्त आहे. तिथे खिडकी, एक्झॉस्ट फॅन आणि मोकळी हवा हा उपाय.

ओल आतून येत असेल तर तिची जागा बघून कारण ओळखता येतं:

- छताला किंवा भिंतीच्या वरच्या भागाला: वरच्या फ्लॅटचं बाथरूम, किंवा वर गच्ची.
- खिडकीच्या खाली आणि कोपऱ्यांत: बाहेरच्या भिंतीतल्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट.
- जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत: तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल. पवनेकाठच्या सखल भागातल्या जुन्या बैठ्या घरांत हे दिसतं.
- बाथरूमच्या मागच्या भिंतीला: पाइप किंवा टाइल्सचे सांधे.

खर्च कोणाचा, हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणारी गळती, म्हणजे पावसाचं पाणी, गच्ची, सामाईक पाइपलाइन यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. फ्लॅटच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेंची गळती त्या सभासदाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे सोसायटीला अर्ज करताना प्लॅस्टिक टेस्टचे आणि ओलीचे तारखेसह फोटो जोडा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. स्लॅबचं काँक्रीट पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर ते रंगाचं काम नाहीच. याच उपविधींत १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतींचं दर ३ वर्षांनी करायला सांगितलं आहे. तुमच्या इमारतीचं झालंय का, ते आधी विचारा.

## पायरी ३: लोणा आणि बुरशी

लोणा म्हणजे भिंतीवर येणारी पांढरी, खारट पावडर. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. लोणा ओल्या फडक्याने पुसू नका, क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या कडक ब्रशने झाडा, पावडर गोळा करून टाका. पाण्याचं मूळ कारण बंद झाल्यावर काही आठवडे थांबा. पुन्हा लोणा आला तर ओल अजून आहे.

बुरशी काळ्या किंवा हिरवट ठिपक्यांची असते. ती कोरडी घासली तर तिचे कण हवेत उडतात. पातळ केलेलं ब्लीच लावा, काही वेळ ठेवा, मग ओल्या फडक्याने पुसून भिंत पूर्ण सुकू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका. ॲसिडबरोबर क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बाथरूमसारख्या बंद जागेत हे जिवावर बेतू शकतं.

## पायरी ४: जुना रंग काढायचा की ठेवायचा?

सगळाच जुना रंग खरवडायची गरज नसते. चांगला चिकटलेला रंग हा उत्तम पाया असतो. तपासायच्या तीन सोप्या पद्धती:

१. हात फिरवा. बोटांना पांढरी पावडर लागली तर तो चुना किंवा जुनं डिस्टेंपर आहे. हे खरवडून, धुऊन काढावंच लागतं.

२. ओला स्पंज घासा. रंग निघून स्पंज रंगीत झाला तर तो थर पाण्यात विरघळणारा आहे. त्याच्यावर नवा रंग टिकणार नाही.

३. क्रॉस कट टेस्ट. कारखान्यात क्वालिटी विभागात काम करणाऱ्यांना ही माहीत असेल. कटरने २-३ मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेषा मारा, २५ छोटे चौकोन तयार होतात. वर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. एखाद-दुसऱ्या चौकोनाचा कोपरा निघाला तर ठीक. चौकोनच्या चौकोन पट्टीबरोबर आले तर तो रंग काढायला हवा. मात्र घर जुनं असेल तर ही टेस्ट करण्याआधी पुढची पायरी वाचा.

भिंत सिमेंट प्लास्टरची आहे की जिप्समची, हेही बघा. कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी किल्लीने थोडं खोल ओरखडा. राखाडी, वाळूसारखं निघालं तर सिमेंट. आतपर्यंत पांढरं आणि मऊ निघालं तर जिप्सम किंवा पीओपी. जिप्सम ओलं झालं की कमकुवत होतं, त्यामुळे ते धुण्याऐवजी फक्त ओलसर फडक्याने पुसा.

## पायरी ५: थांबा! जुन्या रंगात शिसं असू शकतं

आता त्या धोक्याबद्दल. पूर्वी ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगं वापरली जायची. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे भडक रंग मिळवण्यासाठी आणि रंग लवकर सुकावा म्हणूनही. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली. ९० पीपीएम म्हणजे एक किलो रंगात जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम शिसं.

आता आपल्या शहराचं वय बघा. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं, महानगरपालिका १९८२ मध्ये झाली. म्हणजे इथल्या कॉलन्या, चाळी, प्राधिकरणातली घरं यांपैकी अनेकांच्या दरवाजांवर, खिडक्यांवर, ग्रीलवर आणि भिंतीच्या खालच्या ऑइल पेंटच्या पट्ट्यावर २०१७ च्या आधीचे कितीतरी थर आहेत. सगळ्यांत शिसं असेलच असं नाही. पण डोळ्यांनी किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्याने ते ओळखता येत नाही, प्रयोगशाळेत तपासावं लागतं. म्हणून तपासणी केली नसेल तर शिसं आहे असं धरून चाला.

रंग भिंतीवर घट्ट बसलेला असतो तोपर्यंत धोका कमी असतो. कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ होते. ती फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. रांगणारं मूल हात तोंडात घालतं आणि शिसं पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, आणि लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या ४ ते ५ पट शिसं शोषून घेऊ शकतं. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो भरून निघत नाही.

त्यामुळे जुन्या ऑइल पेंटसाठी हे नियम पाळा:

- लहान मुलं आणि गरोदर महिलांना त्या दिवसांत दुसरीकडे राहायला पाठवा.
- कोरडं घासू नका. पाणी फवारून वॉटर पेपरने ओलं घासा. विजेचं सँडर अशा रंगावर वापरू नका.
- ब्लो लॅम्पने रंग जाळून काढू नका. शिशाची वाफ थेट श्वासात जाते.
- रुमाल बांधून भागत नाही. किमान एन९५ किंवा एफएफपी२ मास्क हवा. पाकिटावर आयएस ९४७३ हा भारतीय मानक क्रमांक बघा. पेंटरलाही मास्क तुम्हीच द्या. तो रोज ही धूळ खातो आणि तेच कपडे घालून स्वतःच्या मुलांकडे जातो.
- जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा, दाराला पडदा लावा, पंखा बंद ठेवा.
- संध्याकाळी झाडू मारू नका. साबणाच्या पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा.
- पापुद्रे वेगळ्या पिशवीत बांधून द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकून दिलेले डबेही घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, त्यामुळे हे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही.

रंग घट्ट असेल तर सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे तो न काढणं. ओलं करून फक्त चमक जाईल इतकं हलकं घासायचं, पुसायचं, प्रायमर मारायचा.

साध्या सिमेंट प्लास्टरची धूळही निरुपद्रवी नाही. त्यातल्या वाळूतून सिलिका येते आणि ती फुप्फुसात साठते. मास्क प्रत्येक वेळी लावायचाच.

छतावर सिमेंटचे पत्रे असतील तर: जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. ते खरवडू, घासू किंवा ड्रिल करू नका. त्याचे तंतू श्वासातून आत गेले तर अनेक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

## पायरी ६: प्रत्यक्ष कामाचा क्रम

१. खोली रिकामी करा. जे हलत नाही ते झाका. स्विचबोर्डजवळ ओलं काम असेल तर त्या खोलीचा एमसीबी आधी बंद करा. मोबाईल झिप पिशवीत ठेवा, पुट्टीची धूळ चार्जिंग पोर्टमध्ये जाऊन बसते.

२. धुणे. किचनची भिंत डिटर्जंट किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने. तेल असताना घासलं तर ते पसरतं.

३. खरवडणे. सैल रंग आणि पोकळ प्लास्टर काढा. भिंतीवर बोटाच्या सांध्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर ते प्लास्टर सुटलेलं आहे.

४. भेगा भरणे. केसासारख्या भेगा पुट्टीत जातात. त्याहून मोठी भेग 'व्ही' आकारात थोडी उघडा, आतली धूळ काढा आणि क्रॅक फिलरने भरा. बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर जाळीची पट्टी लावा, नाहीतर भेग पुन्हा येते.

५. नवं प्लास्टर असेल तर थांबा. पाणी मारून झाल्यावर ते सुकायला साधारण चार आठवडे तरी द्या. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं आणि ऑइल पेंटमधल्या तेलाचा चक्क साबण करतं.

६. पुट्टी. जुने पेंटर हिला लांबी म्हणतात. दोन प्रकार लक्षात ठेवा. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या, किंचित ओलसर केलेल्या सिमेंट प्लास्टरवर लावतात. जुन्या ऑइल पेंटवर किंवा इमल्शनवर ती नीट पकडत नाही. ॲक्रिलिक पुट्टी तयार मिळते, ती फक्त आतल्या भिंतींसाठी आणि प्रायमरच्या वर लावायची. जिप्समवर कोणती चालते ते पिशवीवर वाचा. पुट्टी दोन पातळ हातांत लावा. दोन्ही मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटरच्या वर नको. मोठे खड्डे पुट्टीने भरायचे नसतात.

७. घासणे. पॉलिश पेपरच्या मागे नंबर असतो. नंबर लहान तितका पेपर खरखरीत. जुना रंग घासायला ८० ते १२०, पुट्टीला १८० ते २२०, शेवटचा हात ३२०. घासून झाल्यावर टॉर्च टेस्ट पुन्हा करा.

८. धूळ पुसणे. ही सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी आहे. भिंत मऊ ब्रशने झाडा, मग ओलसर फडक्याने पुसा. काळं फडकं फिरवा. ते पांढरं झालं तर अजून धूळ आहे.

९. प्रायमर. प्रायमर भिंतीची रंग शोषून घेण्याची ताकद सगळीकडे सारखी करतो आणि वरच्या रंगाला पकड देतो. डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त पाणी घालू नका. तो पूर्ण सुकल्यावरच रंगाचे दोन हात.

लोखंडी ग्रीलसाठी: गंज तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने काढा, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर मारा. साफ केलेलं लोखंड दमट हवेत रात्रभर उघडं राहिलं तर पुन्हा गंज धरतं. ग्रीलवर जुना ऑइल पेंट असेल तर आधी पायरी ५ चे नियम.

लाकडासाठी: रेषांच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर ओरखडे रंगातूनही दिसतात.

## कोटेशन घेताना काय लिहून घ्यायचं?

आधी क्षेत्रफळ स्वतः काढा. मोबाईलच्या मोजमाप ॲपवर विसंबू नका, टेपने मोजा. उदाहरण: खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट.

- चार भिंती: (१० + १२) × २ × १० = ४४० चौरस फूट
- वजा दरवाजा ३ × ७ = २१, खिडकी ४ × ४ = १६
- भिंती: ४०३ चौरस फूट
- छत: १० × १२ = १२० चौरस फूट
- एकूण: ५२३ चौरस फूट

'रंगकाम कितीला?' असं विचारलं की उत्तरात तयारीचं काम किती धरलंय ते कळत नाही. त्याऐवजी असा मेसेज पाठवा:

*"दादा, फोटो पाठवलेत. रेट सांगताना हे वेगवेगळं लिहून द्या: खरवडणं आणि धुणं, भेगा भरणं, पुट्टी किती हात आणि कोणती, घासणं, प्रायमर किती हात, रंग किती हात. पुट्टी झाल्यावर आणि प्रायमर झाल्यावर मी बघून घेईन, मग पुढचं काम. पैसेही त्याच टप्प्यांनी देईन."*

शेवटची दोन वाक्यं सर्वांत महत्त्वाची. वरचा रंग लागला की खाली प्रायमर मारला होता की नाही हे कोणालाच दिसत नाही. पेंटरचाही यात फायदा आहे. घासण्याचे वेगळे पैसे मिळणार असतील तर तो घासायला वेळ देऊ शकतो.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीआधी रंग द्यायचाय, पण पाऊस चालू आहे. काय करू?
बाहेरच्या भिंती आणि ओल असलेल्या आतल्या भिंती पावसाळा संपेपर्यंत सोडा. प्लॅस्टिक टेस्ट कोरडी आलेल्या आतल्या भिंतींना रंग देता येतो, फक्त प्रत्येक हात सुकायला जास्त वेळ द्या.

पुट्टी लावलीच पाहिजे का?
नाही. जुना रंग घट्ट आणि भिंत सपाट असेल तर हलकं घासणं, पुसणं, गरज असेल तिथे पॅच आणि प्रायमर एवढं पुरतं.

ओलीवर वॉलपेपर किंवा पॅनेल लावलं तर?
ओल दिसणार नाही, पण मागे वाढत राहील. वर हवा खेळत नसल्यामुळे बुरशीला ती जागा आवडते.

भाड्याच्या घरात राहतो, मी काय करावं?
राहायला जातानाच ओलीचे आणि पोपड्यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. मूल लहान असेल तर पोपडे निघालेल्या ऑइल पेंटच्या खिडकीजवळ पाळणा किंवा खेळणी ठेवू नका, ही गोष्ट आजच करता येईल.

वॉटरप्रूफ रंग लावला तर ओल थांबेल का?
आतून लावलेला रंग बाहेरून येणारं पाणी थांबवत नाही. पाणी दुसरीकडून वाट काढतं. पाणी जिथून भिंतीत शिरतं, तिथेच ते थांबवायला हवं.

थोडक्यात क्रम असा: आधी ओल, मग लोणा-बुरशी, मग जुन्या रंगाचा निर्णय, मग भेगा, पुट्टी, घासणं, पुसणं, प्रायमर. बजेट कमी असेल तर एक खोली कमी करा किंवा साधा रंग घ्या, पण यातली पायरी गाळू नका. नीट तयार केलेल्या भिंतीवर स्वस्त रंगही बरीच वर्षं टिकतो. ओल्या भिंतीवर महागडा रंग एका पावसाळ्यात उतरतो.